जुनं पोस्टर घेताय? आधी भिंग काढा!

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, सत्तरच्या दशकातली म्हणून विकली जाणारी बरीच पोस्टरं हल्ली छापलेली असतात. मूळ पोस्टर सहसा घड्या घालूनच थिएटरला जायचं, त्यामुळे त्यावर बहुधा घडीच्या रेषा असतात. पण चहाच्या पाण्यात बुडवून, चुरगाळून कागद जुना करणारे महाभागही आहेत! म्हणून भिंगातून पोस्टरचा खालचा कोपरा बघा. तिथे बहुतेकदा छापखान्याचं नाव बारीक अक्षरात असतं. कॉपीत ते पुसट, तुटक दिसतं. छपाई नको तितकी गुळगुळीत आणि कागद चकचकीत असेल, तर नमस्कार करून पुढे सरका.

आणि घरी आणल्यावर लॅमिनेशन? अजिबात नको. सेलोटेप तर त्याहून वाईट, तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. मागच्या बाजूला शाईपेन्सिलीने लिहिलेलं थिएटरचं नाव मात्र खोडू नका, मला तर तेच जास्त आवडतं.

पोस्टरं ठीक, पण कॅसेट-डीव्हीडी कशाला जपायच्या, असं विचारणाऱ्यांना मी ‘शोले’ (१९७५) दाखवतो. सेन्सॉरमुळे तेव्हा थिएटरात दाखवलेल्या शेवटात पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात. मूळ शेवटात ठाकूर खलनायक गब्बरला मारतो, आणि तो शेवट वर्षानुवर्षं लोकांनी पाहिला तो होम व्हिडिओवरच. व्हीसीडीचं चित्र भिकार असतं, कबूल. एका तबकडीवर जेमतेम सव्वा तास मावतो, म्हणून आपला सिनेमा दोन-तीन तबकड्यांत. तरी कव्हर फेकू नका. व्हीएचएस कॅसेट असेल तर उभी ठेवा, आणि बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये मुळीच घालू नका, हेड बाद होईल.