सामाईक तिजोरीची वाटणी

एकत्र कुटुंबाची मिळकत वाढू लागली की वाटणीचा प्रश्न निघतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. मिळकत तुटपुंजी असेपर्यंत भाऊ भावाला धरून असतो. ती वाढली म्हणजे कोणाच्या कष्टाने किती आले, याचे हिशेब सुरू होतात. अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडाजगतात गेली चाळीस वर्षे हेच घडत आले आहे.

तेथील विद्यापीठे आपसांत सामने खेळण्यासाठी जी क्रीडामंडळे स्थापन करतात, त्यांना ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. ‘बिग टेन’ हे मंडळ १८९६ मध्ये निघाले, तर आग्नेयेकडील विद्यापीठांचे ‘एसईसी’ १९३२ मध्ये. आरंभी शेजाऱ्याशेजाऱ्यांत सामने ठरवावेत आणि खेळाडूंसाठी समान नियम करावेत, एवढाच हेतू होता. पुढे दूरचित्रवाणी आली. अमेरिकी फुटबॉलच्या प्रक्षेपणाचे हक्क प्रथम ‘एनसीएए’ या देशव्यापी संस्थेच्या मुठीत होते. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया येथील विद्यापीठांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ही मक्तेदारी बेकायदा ठरविली आणि मंडळांना आपले हक्क आपणच विकण्याची वाट मोकळी झाली. बिग टेनने २०२२ मध्ये केलेला सात वर्षांचा करार ७ अब्ज डॉलरांहून अधिक रकमेचा असल्याचे प्रसिद्ध झाले. यावरून या व्यवहाराचा पसारा ध्यानी यावा.

आता या पैशाची वाटणी कशी होते ते पाहू. पहिली रीत समान वाट्याची. बिग टेन आणि एसईसी यांत जुन्या सभासदांना, मग ते विजेते असोत वा तळाशी असोत, प्रक्षेपणाच्या पैशात सारखाच वाटा मिळत आला. हा काही दानधर्म नव्हे. सामना एकट्याने होत नाही. प्रतिस्पर्धी दुबळा राहिला तर खेळातील रंगतही जाते. दुसरी रीत पराक्रमाची. एनसीएएच्या बास्केटबॉल स्पर्धेत ज्या मंडळाचे संघ अधिक सामने खेळतात, त्या मंडळाला त्या मानाने सहा वर्षे पैसा मिळत राहतो. तिसरी रीत लोकप्रियतेची. ‘एसीसी’ या मंडळातून बाहेर पडण्यासाठी फ्लॉरिडा स्टेट आणि क्लेमसन ही विद्यापीठे न्यायालयात गेली, तेव्हा २०२५ मध्ये तडजोड झाली. तीनुसार प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा ६० टक्के भाग प्रेक्षकसंख्येच्या प्रमाणात आणि ४० टक्के समान वाटावा, असे ठरले.

यांपैकी टिकाऊ रीत कोणती? ‘बिग ट्वेल्व्ह’ मंडळात पूर्वी वाटे विषम होते. २०११ आणि २०१२ या दोन वर्षांत चार विद्यापीठे ते सोडून गेली. यावरून समान वाटा हाच तरणोपाय, असे कोणी म्हणेल. परंतु पॅसिफिक किनाऱ्यावरील ‘पॅक-ट्वेल्व्ह’ मंडळाने समान वाटाच स्वीकारला होता. तरीही तेथील बलाढ्य सभासद अधिक समृद्ध मंडळांकडे वळले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बारांपैकी दोनच उरले. ओरेगन आणि वॉशिंग्टन ही दोन विद्यापीठे तर बिग टेनमध्ये कमी वाटा पत्करून गेली. तात्पर्य, घरातील वाटणी न्याय्य असून भागत नाही. शेजारच्या घरातील उणा वाटाही आपल्या पूर्ण वाट्याहून मोठा दिसू लागला की उंबरठा ओलांडला जातो.

याची किंमत हिशेबाच्या वहीत दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारच्या चुरशी खंडित झाल्या आणि लॉस एंजेलिसच्या विद्यार्थ्याला मंडळातील सामन्यासाठी न्यू जर्सीपर्यंत जाण्याची वेळ आली. शिवाय ज्यांच्या घामावर ही तिजोरी भरली, त्या खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे या उत्पन्नात दीर्घकाळ थेट वाटा नव्हता. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीने २०२५-२६ या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लक्ष डॉलरांपर्यंत रक्कम खेळाडूंना देण्याची मुभा मिळाली. भाऊ वाटणीसाठी भांडत असता शेतात राबणाऱ्याची आठवण सर्वांत शेवटी झाली, असेच म्हणावे लागते.