स्नूकरमधला ‘रिकामा’ हात

स्नूकरचा जन्म आपल्या देशात झाला हे तुम्हांला ठाऊक आहे काय? १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या इंग्रज अधिकाऱ्याने हा खेळ सुरू केला, असे मानतात. खेळ पाहताना आपली नजर क्यू धरणाऱ्या, म्हणजे काठी चालवणाऱ्या, हातावर असते. पण टेबलावर टेकलेल्या दुसऱ्या हाताकडे जरा पाहा. त्याला ‘ब्रिज’ म्हणतात. तो रिकामा दिसतो खरा, पण नेम बराचसा त्याच्यावरच अवलंबून असतो.

ब्रिज असा करतात : पंजा कापडावर टेकवायचा, बोटे फाकवून त्यांची टोके घट्ट दाबायची आणि अंगठा तर्जनीला चिकटवून वर उचलायचा. त्या दोहोंमधल्या खाचेतून क्यू मागेपुढे सरकतो. तिवईचे पाय फाकलेले असले की ती स्थिर राहते, बोटांचेही तसेच. दाबामुळे कापडाशी घर्षण वाढते व हात घसरत नाही.

आता थोडी भूमिती. समजा, खाचेपासून क्यूचे टोक ३० सेंमी. पुढे आणि मागची मूठ ९० सेंमी. मागे आहे. मूठ ३ मिमी. उजवीकडे ढळली, तर टोक फक्त १ मिमी. डावीकडे जाईल, समरूप त्रिकोणांवरून हे सहज पटेल. उलट, मूठ स्थिर राहून ब्रिज ३ मिमी. सरकला, तर टोक ४ मिमी. सरकेल! म्हणजे मुठीची चूक टोकाशी पोचेपर्यंत घटते, तर ब्रिजची चूक वाढते.

एवढ्याशा चुकीने काय बिघडते? समजा, पांढऱ्या चेंडूची दिशा ०.१ अंशाने चुकली. समोरचा लाल चेंडू १.५ मीटरवर असेल, तर तेथे पोचेपर्यंत पांढरा सुमारे २.६ मिमी. बाजूला जातो. चेंडूंचा व्यास ५२.५ मिमी. असल्याने लाल चेंडूची दिशा जवळजवळ ३ अंशांनी बदलते. आणखी १.५ मीटर गेल्यावर तो सुमारे ७.५ सेंमी. चुकतो. पॉकेटचे तोंड तर चेंडूच्या दुप्पटही रुंद नसते!

म्हणूनच फटका पूर्ण होईपर्यंत ब्रिज न उचलण्याची सवय लावतात. चेंडू खाली मारायचा असेल, तर क्यूची मूठ उंच न करता पंजाच सपाट करतात. मध्ये दुसरा चेंडू आडवा आला, की हात केवळ बोटांच्या टोकांवर उभा करावा लागतो. पाया लहान, म्हणून फटका जपून. हात पोचतच नसेल, तर ‘रेस्ट’ नावाची आधाराची काठी घेतात.

करून पाहा : १.२ मीटर लांबीची सरळ काठी घ्या. टोकापासून ३० सेंमी.वर ती ब्रिजच्या खाचेत ठेवा. मागचे टोक ३ सेंमी. बाजूला हलवा, पुढचे किती हलले ते मोजा. मग खाच ६० सेंमी.वर घेऊन तेच करा. ब्रिज चेंडूपासून फार दूर का ठेवत नाहीत, ते तुमची मोजपट्टीच सांगेल.