पाणी आधी गेलं की गाडी आधी तापली?

जुनी मारुती ८०० किंवा त्याच पिढीतली एखादी गाडी घाटात तापली, की सल्ला ठरलेला असतो : रेडिएटर बदलून टाका. आपण घाई करू नये. कूलंट कमी झालं म्हणून इंजिन तापलं, की इंजिन तापलं म्हणून कूलंट उकळून बाहेर पडलं, हे आधी ठरवायचं. गाडीखाली थारोळं दोन्हींत सारखंच दिसतं, दुरुस्ती मात्र वेगळी.

कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल नावाच्या द्रवाचं रंगीत मिश्रण. पंप ते इंजिनमधून फिरवतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते निवतं. रेडिएटरचं टोपण कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं, म्हणून ११५ अंशांनाही आतलं पाणी उकळत नाही. गरम गाडीचं टोपण उघडलं तर तेच पाणी फवाऱ्यासारखं तोंडावर येतं. इंजिन पूर्ण निवेपर्यंत टोपणाला हात लावू नका.

सकाळी, गाडी थंड असताना, टोपण काढून रेडिएटरमध्येच पातळी पाहा. नुसती बाटली पाहून समाधान मानणं ही नेहमीची चूक. तापल्यावर जास्तीचं कूलंट बाटलीत जातं, निवल्यावर परत ओढलं जातं. टोपणाचं रबर चिरलं असेल किंवा बाटलीची नळी फुटली असेल, तर कूलंटऐवजी हवा आत जाते. मग बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा रिकामा! टोपण आणि नळी बदलणं स्वस्तातलं काम आहे, तिथूनच सुरुवात करावी.

काट्यावरही फार विसंबू नये. कूलंट खूपच उतरलं की सेन्सर उघडा पडतो. काटा खाली येतो आणि इंजिन मात्र भाजत असतं.

पातळी कमी असेल तर गळती शोधायची. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं; कूलंट रंगीत, बुळबुळीत आणि गोडसर वासाचं. (चव घेऊन खात्री करणारे महाभागही आहेत. ते विष आहे.)

होज पाइप क्लिपपाशी दाबून पाहा, रेडिएटरचे सांधे पाहा. वॉटर पंपाला खालच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दामच ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब येतो आणि वाळून ओघळाचा डाग उरतो. ते भोक बुजवून काहीच साधत नाही. पंपच बदलावा लागतो. गाडीच्या आत पायाखालची चटई चिकट ओली असेल, तर हीटरची कॉइल गळते आहे.

बाहेर काहीच सापडलं नाही, तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या. टोपणाच्या जागी हातपंप लावून, टोपणावर छापलेला असतो तेवढाच दाब भरतात. दाब उतरतोय पण कुठेच थेंब नाही, म्हणजे कूलंट इंजिनच्या आत जातंय.

तेव्हा संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्यामधल्या पातळ पट्टीवर. थंड इंजिन टोपण काढून चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात. टोपण लावून सुरू केलं, तर वरचा होज गरम व्हायच्या आधीच टणक होतो. पांढरा धूर थांबत नाही. ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधाळ चिकटा मात्र पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनीही जमतो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ दिसलं, तर गाडी चालवू नका.

पातळी ठीक आहे आणि तरी तापते? कुठे तापते ते आठवा. सिग्नलला तापून हायवेवर निवत असेल, तर पंखा, त्याचा फ्यूज किंवा स्विच तपासावा. वेगात किंवा चढावर तापत असेल, तर रेडिएटर चोक झालाय किंवा पंप कमी पडतोय. वरचा होज कढत आणि खालचा गार राहिला, तर बहुधा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणारी झडप, अडकला आहे.

"आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागतच नाही, काढून टाका," हे सर्रास ऐकायला मिळतं. ऐकू नका. इंजिन उशिरा तापतं, पेट्रोल जास्त पितं आणि मूळ दोष झाकला जातो. काढलेला थर्मोस्टॅट पाण्यात तापवून पाहावा. बहुतेक ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागतात.

भरताना बोअरचं पाणी नको, त्याच्या क्षारांनीच नळ्या चोक होतात. तयार कूलंट नसेल, तर डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घ्यावं. हीटर गरमवर ठेवून, टोपण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करा आणि अडकलेली हवा निघू द्या. दुसऱ्या सकाळी पातळी किंचित उतरेल, तेवढी भरा. त्यानंतरही उतरतच राहिली, तर प्रेशर टेस्ट पुन्हा करून घ्यावी.