साथीचे चक्रवाढ व्याज

बँकेत आयुष्यभर चक्रवाढ व्याजाचे हिशेब केले. साथीचा रोगही आरंभी तसाच वाढतो: एकाचे दोन, दोनाचे चार. मग सर्वांना गाठण्यापूर्वीच तो ओसरतो कसा?

या प्रश्नाच्या गणिती उत्तरास मुंबईचे आकडे उपयोगी पडले. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंचा आधार कर्मॅक व मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ च्या आपल्या निबंधात घेतला. मॅकेन्ड्रिक पूर्वी भारतीय वैद्यकीय सेवेत होते. माणसांतील प्लेग ही उंदरांतील रोगाची छाया असल्याने हा हिशेब ढोबळच आहे, याची जाणीव त्यांना होती.

त्यांची मांडणी व्यापाऱ्याला सहज उमजेल. समाजाची तीन खाती करावीत: रोग होऊ शकेल असे, रोगी, आणि बरे झालेले वा दगावलेले. व्याजाने मुद्दल वाढते. साथ मात्र आपले मुद्दलच खात जाते. पहिले खाते ठरावीक मर्यादेखाली गेले की साथ उतरू लागते.

लस हे खाते कोणालाही आजारी न पाडता कमी करते. एक रोगी चौघांना बाधा देत असेल, तर १०० पैकी ७५ जण सुरक्षित असणे पुरे. गोवराचा रोगी १२ ते १८ जणांना बाधा देऊ शकतो. तेथे सुमारे ९५ जण सुरक्षित असावे लागतात.

म्हणून जामनेरच्या बाजारपेठेत आपल्या नातवाला लस मिळाली आणि दुकानातील हमालाचे मूल राहिले, तर हिशेब जुळला असे समजू नये. साथीची खातेवही साऱ्या गावाची एकच असते.