चालकाचा थकवा आणि मनगटावरचा पट्टा

सार्वजनिक वाहनांच्या चालकांना थकवा ओळखणारी साधने अंगावर बाळगावयास द्यावीत, अशी सूचना अलीकडे वारंवार पुढे येते. आणि ती पुढे येताच, मनगटावरचा एक पट्टा डुलकी लागण्यापूर्वीच चालकास सावध करील व अपघातांचा प्रश्न निकालात निघेल, अशी समजूत भल्याभल्यांची होऊन बसते. ती सर्वस्वी निराधार नाही. मात्र साधनाचे खरे सामर्थ्य जेथे आहे ते ठिकाण सोडून ती भलत्याच ठिकाणी भिस्त ठेवते.

मुळात पट्टा थकवा मोजतो हेच खरे नाही. त्याच्या तळाशी असलेला हिरवा दिवा त्वचेवर प्रकाश टाकतो, नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, आणि त्यावरून हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर कसकसे बदलते याचा हिशेब मांडून थकव्याचा केवळ तर्क करावयाचा असतो. हेच अंतर चिंतेने बदलते, तापाने बदलते, स्थानकावर उभ्याउभ्या घेतलेल्या कडक चहानेही बदलते. शिवाय जुन्या गाडीच्या स्टिअरिंगची थरथर मनगटापर्यंत पोचून मूळ नोंदच गढूळ करते, ते निराळेच. टोपीच्या आतील पट्टीतून मेंदूच्या विद्युत्-लहरी टिपणारे साधन ऑस्ट्रेलियातील खाणींत अवजड वाहनांच्या चालकांना देण्यात आले आहे. ते झोपेच्या अधिक जवळ जाते, परंतु तर्क तेथेही सुटत नाही.

दुसरी समजूत चालकांच्याच तोंडी असते: ‘हात स्टिअरिंगवर आहेत, डोळे उघडे आहेत, म्हणजे मी जागा आहे.’ 9 नोव्हेंबर 2016 रोजी पहाटे सहाच्या सुमारास लंडनच्या क्रॉयडन भागात एक ट्रॅम, जेथे ताशी 20 किलोमीटरची मर्यादा होती त्या वळणावर, ताशी सुमारे 73 किलोमीटर वेगाने शिरून उलटली व सात प्रवासी मृत्यू पावले. चालकाचे भान काही काळ हरपले असावे आणि थकव्यामुळे त्यास क्षणिक डुलकी लागली असण्याचा संभव आहे, असा निष्कर्ष चौकशीअंती निघाला. चालकाचा हात यंत्रावरून सुटताच गाडी थांबावी अशी योजना त्या ट्रॅममध्ये होती. परंतु भान गेले तरी हात सुटेलच असे नाही, हे त्या योजनेने गृहीत धरले नव्हते. पुढे तेथे डोळ्यांवर लक्ष ठेवून चालकाचे आसन हादरविणारे यंत्र बसविण्यात आले, आणि ते अंगावर घालावयाचे नव्हते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी बस चार सेकंदांच्या डुलकीत जवळजवळ 90 मीटर पुढे जाते. एवढ्या अल्पावधीत नाडीच्या गतीवरून निदान करून इशारा देणे मनगटावरच्या पट्ट्यास साधणे कठीणच.

खिडकी उघडणे, गाणी लावणे, यांचा प्रभाव फार तर काही मिनिटे टिकतो. रात्री दोन ते सहा या काळाइतकी नसली तरी दुपारी दोन ते चारच्या दरम्यानही गुंगी येते, म्हणून रातराणीच्या चालकापुरतीच ही चिंता मर्यादित ठेवणे चुकीचे आहे.

तर मग पट्ट्याचा उपयोग कोणता? माझ्या मते तो रस्त्यावर नसून आगारात आहे. हाताच्या हालचालींवरून आदल्या रात्री माणूस किती वेळ झोपला याचा बऱ्यापैकी अंदाज त्यास करता येतो. निश्चल पडून जागणाऱ्यास तो कधीकधी निद्रिस्त समजतो, एवढी खोट सोडली तर ही नोंद नाडीच्या तर्कापेक्षा अधिक भरवशाची. 1961 सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास काम व दोन कामगिऱ्यांमध्ये सलग नऊ तासांची विश्रांती हा सामान्य दंडक घालून दिला. परंतु विश्रांती म्हणजे झोप नव्हे. मुक्कामी गाडी घेऊन रात्री गावी पोचलेला चालक जेवण उरकून बसच्याच बाकावर अंग टाकतो, डासांशी झगडतो, आणि पहाटेची पहिली फेरी काढण्यासाठी उजाडण्यापूर्वी उठतो; दफ्तरात त्याची विश्रांती रीतसर रुजू होते, झोप कोठेच होत नाही.

ही नोंद चालकास पकडण्यासाठीच आहे, हा जो चालकवर्गाचा संशय, त्यास मी गैरसमज म्हणावयास तयार नाही. तो खरा की खोटा हे सर्वस्वी वरिष्ठांच्या हुकुमांवर अवलंबून आहे. कमी झोपेची नोंद दिसताच जाबजबाब सुरू झाले, तर पट्टा पहिल्या आठवड्यातच दुसऱ्याच्या मनगटावर किंवा खुंटीवर दिसू लागेल. उलट, अशा चालकास त्या दिवशी आगारातच दुसरे काम द्यावे, त्याचा पगार कापू नये आणि त्याच्या जागी जाण्यास राखीव चालक हजर असावा, एवढी तजवीज आधी झाली, तर पट्ट्यावाचूनही पुष्कळ चालक ‘आज झोप झालेली नाही’ असे आपण होऊन सांगतील. आणि राखीव चालकांची भरती पट्ट्यांच्या खरेदीपेक्षा महाग पडते, म्हणून ती तजवीज मागे पडते.