न्हाणीघरांतील गॅसचा बंब

जतसारख्या कोरड्या मुलखांतहि पौषांतली पहाट बोचरीच असते. पूर्वी परसांत तांब्याचा बंब पेटे. धूर डोळ्यांना झोंबे, पण तो दिसे तरी! आतां अनेक घरीं गॅसचा गीझर आला आहे.

तो पेटेनासा झाला, तर प्रथम सेल उतरले आहेत काय तें पाहावें. नंतर पाण्याची धार पाहावी. पाण्याच्या दाबानें आंतला रबरी पडदा ढकलला गेला, तरच गॅसची वाट उघडते. टाकी पुरेशी उंच नसेल, तर पडदा हलत नाहीं. कूपनलिकेच्या जड पाण्यानें तांब्याच्या नळींत क्षारांचीं पुटें चढतात. तीं काढणें जाणत्याचें काम.

खरी काळजी ज्योतीची. ती निळी हवी. पिवळी पडून काजळी धरूं लागली, तर ज्वलन अपुरें होऊन कार्बन मोनॉक्साइड वायु निर्माण होत आहे असें समजावें. गळक्या गॅसची सूचना मिळावी म्हणून त्यांत उग्र वासाचें द्रव्य मिसळलेलें असतें. या वायूला मात्र वासहि नाहीं, रंगहि नाहीं. तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो. डोकें जड होतें, पाय लटपटतात, आणि कडी काढण्याचें भान उरत नाहीं. कोंडलेल्या खोलींत निळी ज्योतहि हळूहळू तशीच घातक होते. म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेंत बसवावा. तोंवर दार उघडें ठेवून बादली भरावी, ज्योत विझवावी, हवा खेळूं द्यावी, मगच स्नानास जावें. आंतून हांकेला ओ आली नाहीं, तर दार फोडावें, गॅस बंद करावा, आणि त्या माणसाला उघड्यावर आणून तत्काळ रुग्णालयांत न्यावें.