जनुकीय समुपदेशन साहाय्यक आणि वंशावळीची नोंद
'जनुकीय समुपदेशन' ही संज्ञा शेल्डन रीड यांनी १९४७ मध्ये योजली. अमेरिकेतील बालरुग्णालयांत आता समुपदेशकाच्या मदतीस साहाय्यकही असतो. नमुने पाठविणे, विमा कंपनीची पूर्वसंमती मिळविणे ही कामे त्याची. मात्र त्याची खरी कसोटी तीन पिढ्यांची वंशावळ नोंदविताना लागते. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, रक्तसंबंधातील विवाहासाठी दुहेरी रेघ. मामाच्या मुलीशी विवाह झालेल्या मराठी दांपत्यास ही विचारणा आरोपच वाटू शकते. थॅलेसेमिया मेजरमध्ये सामान्यतः आईवडील दोघेही वाहक असतात, प्रत्येक गर्भधारणेत धोका २५ टक्के. दोष मात्र बहुधा आईच्या माथी येतो. चाचणीचा अर्थ सांगणे साहाय्यकाच्या अधिकारात नाही. ''चूक कोणाची?'' असे आईने विचारल्यास तो प्रश्न समुपदेशकासाठी टिपून घेणे, एवढेच त्याच्या हाती उरते.